तिसऱ्या हाकेची वाट

माझे वडील भित्रे होते, हे आधीच सांगून टाकते. ते आरमारात होते, लढाईवर गेले होते, बाहीवर नांगराचं चिन्ह लावून परत आले होते. हे सगळं खरं आहे, आणि तरीही ते भित्रे होते. गावानं त्यांचं नको तेवढं कौतुक करून ठेवलंय. पंधरा ऑगस्टला कुणीतरी नारळ घेऊन आमच्या दारात येतं, 'आपल्या गावचे वीर' म्हणून दोन शब्द बोलतं. मी नारळ ठेवून घेते, चहा पाजते आणि गप्प बसते. आता माझीही साठी उलटून गेली, आणि गप्प बसून बसून माझा जीव कावलाय. म्हणून हे लिहितेय.

त्यांचं नाव गेनबा. घरात आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आमची वाडी वेल्ह्याहून दोन कोस वर, तोरण्याच्या अंगाला. तेव्हा हा सगळा मुलूख भोर संस्थानात होता. वीसेक घरं, नाचणी-वरईचे तुकडे, पावसाळ्यात भात, आणि उरलेले आठ महिने गुरांमागं रान तुडवायचं. आबांचा जन्म बावीस सालचा की तेवीसचा, कुणालाच ठाऊक नव्हतं. आजी म्हणायची, 'भाटघरच्या धरणाचं काम चाललं व्हतं तवाचा.' तेवढ्यावर त्यांनी पुढं सरकारी कागदावरही जन्माचं साल ठोकून दिलं.

आमच्या घराला लागून ठकुबाईचं घर. मधली भिंत एकच, ती पुढं अंगणात कमरेएवढी होऊन गेलेली. ठकुबाईचा नवरा लवकर गेला, आणि मागं एकुलता एक भिमा. आबा आणि भिमा एका वयाचे, एका रानात गुरं घेऊन जाणारे, एकाच फडक्यातली भाकरी खाणारे. पण स्वभाव दोन टोकांचे. भिमा कड्यावर चढून मध काढायचा आणि आबा खाली उभे राहून 'पडशील, पडशील' म्हणत बसायचे. त्यांना सापाची भीती, विजेची भीती, तलाठ्याची भीती. त्यांचा थोरला भाऊ हरिबा त्यांना चारचौघांत म्हणायचा, 'गेन्याला बायकांत बशिवा, कांडन तरी करंल.'

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या डोंगरात गुराखी एकमेकांना कुकारा घालतात. एका धारेवरून दुसऱ्या धारेवर लांबवून नाव घ्यायचं, पलीकडून 'ओ' येते. दिवसा असं. पण सूर्य डोंगराआड गेला की रीत बदलते. तिन्हीसांजेनंतर रानातून कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. चकवा ओळखीच्या माणसाचा आवाज काढतो, आईचासुद्धा काढतो, पण त्याला तिसरी हाक मारता येत नाही. तिसरी आली की समजायचं, माणूस आहे. मग ओ द्यायची. म्हणून आमच्याकडं हाक मारणाराही तीनदा मारतो, मध्ये थोडा थोडा वेळ सोडून. आबांना आणि भिमाला ही रीत ठकुबाईनंच शिकवली होती. तिच्या माहेरच्या कुणीतरी दुसऱ्या हाकेला ओ दिली आणि तो चौथ्या दिवशी घळीत सापडला, असं ती सांगायची.

भिमाला या रीतीचं भय नव्हतं, गंमत होती. तो अंधार पडता पडता झुडपाआड बसायचा, 'गेन्याऽऽ' म्हणून दोनदा कुकारा घालायचा आणि गप्प व्हायचा. आबा घामानं निथळत तिथंच उभे. मग हा मागून येऊन पाठीत धपाटा घालायचा.

बेचाळीस साली आबा बैल विकायला चुलत्यांबरोबर सारोळ्याला गेले होते. नीरेच्या पुलावरून लष्करी लॉऱ्यांची रांग चालली होती. त्यात त्यांच्याच वयाची पोरं, पायात बूट, तोंडात विडी. आबा ते बघून आले आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. भरती व्हायचं. हरिबाचं तोंड एकदाचं बंद करायचं. भित्र्या माणसाला भित्रा म्हणवून घ्यायची सगळ्यात जास्त भीती असते, हे मला त्यांच्याकडं बघून कळलं. पण एकट्यानं भोरला जाऊन साहेबापुढं उभं राहायची त्यांची छाती नव्हती. म्हणून त्यांनी भिमाला धरलं.

भिमाला जायचं नव्हतं. त्याची एक म्हैस होती, आई होती, मध होता. तो पठ्ठ्या सुखात होता. आबांनी आठ दिवस त्याच्या मागं भुणभुण लावली. 'तू आलास तर जातो, न्हाईतर मी बी न्हाई जात, मग हरिबा मला जगू देनार न्हाई.' शेवटी भिमा जत्रेला निघावं तसा निघाला. ठकुबाईनं निघताना स्वतःच्या लेकाचा हात धरला नाही, आबांचा धरला. म्हणाली, "ह्यो धांदरट हाय. कुटं बी हुंदडतोय. तू ध्यान ठिव."

"मी हाय की, मावशे," आबा म्हणाले.

भोरला त्या दिवशी जो साहेब आला होता तो आरमाराच्या भरतीचा. 'नेव्ही, नेव्ही' असं कारकून ओरडत होता. या दोघांनी ऐकलं 'नवी'. नवी पलटण उभी करतायत, नवे बूट मिळतील, असं समजून दोघांनी अंगठे उठवले. आपण समुद्रावर चाललोय हे त्यांना ठाण्याच्या खाडीवर उतरल्यावर कळलं. जन्मात कधी खारं पाणी न बघितलेले दोन मावळे! भिमानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकत म्हणाला, "आयला, ह्यात मीठ कुनी वतलं?" आबा मला हे सांगताना दरवेळी हसायचे, आणि हसता हसता एकदम थांबायचे. डॉक्टरनं पोहता येतं का विचारलं तेव्हा भिमा म्हणे, "डव्हात येतंय. समुद्रात बघून सांगतो."

गंमत म्हणजे दोघंही चांगले खलाशी झाले. भिमा तर फारच. त्याचा तोल, त्याचे हात, दोर टाकायची त्याची नजर. आबा सांगितलेलं काम चोख करायचे. घाबरट माणसं हुकूम नीट पाळतात, आणि आरमाराला तेच हवं असतं.

चव्वेचाळीसच्या अखेरीला दोघं एका लहान मोटार लाँचवर ब्रह्मदेशात, आराकानच्या किनाऱ्याला होते. पंधरा-सोळा माणसांची लाकडी लाँच, पुढं एक तोफ, मागं मशीनगन. तिथं समुद्र कमी आणि खाड्याच जास्त. एका खाडीतून दुसरी फुटते, दुसरीतून तिसरी. दोन्ही काठांना तिवराचं दाट रान, मुळं चिखलातून वर आलेली. जपानी त्या रानात दडून बसायचे. लाँचनं खाड्यांतून फिरायचं, त्यांच्या होड्या अडवायच्या, काठावर हालचाल दिसली तर गोळी घालायची, असं काम.

लाँचवरच्या साहेबानं सगळ्यांना ताकीद दिली होती. जपानी हिंदुस्थानीत हाका मारतात, एखाद्याचं नाव कळलं तर नाव घेऊनही बोलावतात. ओ दिली की आवाजाच्या रोखानं गोळ्या येतात. म्हणून काठावरून कसलाही आवाज आला तरी उत्तर द्यायचं नाही, साहेबाला येऊन सांगायचं. आबांना हा हुकूम ऐकून फार बरं वाटलं. ठकुबाईचा नियम आणि सरकारचा नियम एकच निघाला, असं ते भिमाला म्हणाले. भिमा म्हणाला, "मग मावशीला साहेब करा की." तो स्वतःच्या आईला मावशी म्हणून आबांची नक्कल करायचा.

जानेवारीतली गोष्ट. एका आडखाडीत लाँच शिरू शकेल का हे बघायचं होतं. साहेबानं दुपारी लहान डिंगी सोडली, तिच्यात तीन माणसं. दोघं वल्ही मारायला आणि भिमा दोरी टाकून पाण्याची खोली मोजायला. लाँच मोठ्या खाडीत तोंडाशी थांबली. तासाभरानं आतून गोळ्यांचा आवाज आला, थोडा वेळच. मग शांत. साहेबानं मशीनगन लावून ठेवली, पण कुठं मारणार? आपलीच माणसं आत. ओहोटी लागली होती. दिवस उतरायला लागला तेव्हा डिंगी एकटीच वाहत बाहेर आली. तळाला भोकं होती, आत कुणी नव्हतं.

साहेब थांबता येईल तितका थांबला, हे आबा नेहमी सांगायचे. पाणी उतरत होतं, आणखी उतरलं असतं तर लाँच चिखलात बसली असती आणि सकाळपर्यंत उरलेली बारा-तेरा माणसं जपान्यांच्या तावडीत. सगळे पुढच्या बाजूला, आडखाडीच्या तोंडाकडं डोळे लावून. आबांचा पहारा मागच्या टोकाला होता. तिथं ते एकटेच. सूर्य नुकताच बुडाला होता, पाण्यावर अजून उजेड होता, पण तिवराच्या रानात अंधार झाला होता.

तेव्हा हाक आली. "गेन्याऽऽ."

अगदी जवळून, डाव्या काठावरून. कुकाऱ्यासारखी लांबवलेली, पण बसक्या गळ्यानं, लाँचच्या पुढच्या टोकापर्यंत न पोचणारी. आवाज भिमाचाच.

 आबांनी कठडा धरला. मला ते म्हणाले होते, "पोरी, जपानी असंल असं माज्या मनात सुदिक आलं न्हाई. लोक म्हनत्यात, हुकूम व्हता. हुकूम आटवला असता तर साहेबाकडं पळालो असतो. साहेब हाक आल्याचं सांगाच म्हनला व्हता. म्या न्हाई गेलो. मला वाटलं, भिमा मेला आन् ह्यो चकवा त्याचा आवाज काडतोय." गेन्या हे नाव आराकानातल्या जपान्याला कुठून ठाऊक असणार? कुकारा कसा घालायचा हे त्याला कोण शिकवणार? हे सगळं त्यांना नंतर सुचलं. तेव्हा सुचलं नाही. तेव्हा ते पुन्हा आमच्या रानात अंधारात उभे होते, आणि त्यांना एकच ठाऊक होतं, दोन हाकांना ओ द्यायची नाही.

थोड्या वेळानं दुसरी आली. आधीच्यापेक्षा हळू. "गेन्या."

 तिसरी आली की ओ द्यायची. तिसरी आली की ओरडायचं, साहेबाला सांगायचं, उडी मारायची, काय लागेल ते करायचं. ते तिसरीची वाट बघत राहिले, आणि तेवढ्यात साहेबाचा हुकूम झाला. लाँचची दोन्ही इंजिनं सुरू झाली. त्या घरघरीत शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. लाँच वळली आणि मोठ्या खाडीतून खाली निघाली.

तिसरी हाक आली का? आबांना हे कधीच कळलं नाही. भिमानं मारली असेल तर ती इंजिनांच्या आवाजात बुडाली. ते शेवटपर्यंत म्हणायचे, "मारली आसंल. त्याला रीत ठावं व्हती. मारलीच आसंल."

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी लाँच परत गेली. वल्ही मारणारे दोघं सापडलेच नाहीत. डाव्या काठाला, लाँच जिथं उभी होती तिथून चाळीस-पन्नास हातांवर, भिमा सापडला. तिवराच्या मुळांना पाठ लावून बसलेला, कमरेपर्यंत चिखलात. डाव्या मांडीत गोळी. स्वतःचीच दोरी, खोली मोजायची, त्यानं मांडीवर आवळून बांधली होती. गाठी नीट मारल्या होत्या. ज्याला एवढ्या नीट गाठी मारता आल्या तो माणूस किती वेळ जिवंत होता, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. त्याला चिखलातून ओढून काढणाऱ्या दोघांत आबा होते.

साहेबानं ठकुबाईला पत्र लिहिलं. तुमचा मुलगा शत्रूशी लढताना जागच्या जागी गेला, त्याला कसल्याच यातना झाल्या नाहीत. अशी पत्रं तेव्हा सगळ्यांना तशीच लिहायचे, आणि मी त्या साहेबाला नावं ठेवणार नाही. आईला दुसरं काय लिहिणार? पण आबांनी ते पत्र लिहिताना बघितलं होतं. साहेबानं विचारलं, 'तुझा गाववाला होता ना, काही लिहायचंय?' आबा म्हणाले, 'नाही.'

महिन्याभरानं त्यांना बढती मिळाली, बाहीवर नांगर आला. पहाऱ्यावर शिस्तीनं वागणारा, न डगमगणारा माणूस असं काहीतरी वर कळवलं गेलं होतं. आबा म्हणायचे की तो नांगर त्यांच्या हातून काही शिवला गेला नाही, शेवटी सोबत्यानं शिवून दिला. शेहेचाळीसच्या फेब्रुवारीत मुंबईला खलाशांनी संप केला तेव्हा ते तिथंच बराकीत होते. हजारो पोरांत उभे राहून तेही घसा कोरडा होईतो ओरडले. "तितं वरडायला मला कायबी वाटलं न्हाई," एवढंच त्यांनी त्याबद्दल सांगितलं.

त्याच वर्षी ते घरी आले. ठकुबाई वेशीपर्यंत सामोरी आली. तिनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मग सगळ्यांदेखत म्हणाली, "माजा लेक एका दमात गेला. कळ सुदिक लागली न्हाई त्याला. साहेबाचा कागूद हाय." ते पत्र तिनं वेल्ह्याच्या मास्तरांकडून इतक्यांदा वाचून घेतलं होतं की तिला पाठ होतं. पाणवठ्यावर, बांधावर, लग्नाच्या मांडवात, कुणी भिमाचं नाव काढलं की ती हेच वाक्य म्हणायची. एका दमात गेला. या वाक्यावर ती रोज झोपत होती आणि रोज उठत होती.

आबांनी तिचं सगळं करायला घेतलं. तिची लाकडं फोडली, छपराला नवा पेंढा घातला, तिचा नाचणीचा तुकडा आधी नांगरला आणि आपला मागून. गाव धन्य धन्य म्हणायचं. हरिबासुद्धा म्हणाला, 'गेनबानं म्हातारीला लेकाची उणीव न्हाई भासू दिली.' ज्याच्या तोंडून चांगला शब्द ऐकायला हा माणूस समुद्रावर गेला, त्यानं तो दिला, आणि आबांना तो घशाखाली उतरवता येईना.

त्यांना एक खोड लागली होती. कुणीही, केव्हाही हाक मारली की पहिल्याच हाकेला ते 'ओ' म्हणायचे. जेवता जेवता, अर्ध्या झोपेत. ताट टाकून बाहेर धावायचे. वाडीतली टवाळ मंडळी मुद्दाम अंधार पडल्यावर हाक मारून पळायची आणि आबा दारात उभे राहून 'ओ, ओ, कोन हाय?' विचारत राहायचे. सत्तेचाळीस साली माझी आई सारजाबाई लग्न होऊन आली तिला वाटलं, नवरा थोडा सरकलेला आहे. तिनं तसं सासूला बोलूनही दाखवलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ठकुबाईनं भिमाचा टाक करायचं ठरवलं. घरातला माणूस गेला की चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्ती ठोकून देव्हाऱ्यात बसवतात, तो टाक. आबाच तिला घेऊन भोरला गेले. सोनारानं डोक्यावर फेटा आणि हातात तलवार असलेला वीर ठोकला. ठकुबाईला फार आवडला. आबांना भिमाच्या हातात तलवार बघून कसंसंच झालं.

ठकुबाईच्या सासरच्या भावकीत रीत अशी होती की टाक थेट घरात न्यायचा नाही. गेलेल्याच्या शेवटच्या घटकेला जो जवळ होता त्यानं तिन्हीसांजेला टाक हातात धरून वेशीवर उभं राहायचं आणि त्याला नाव घेऊन तीनदा हाक मारायची. मग तो घरी येतो. आणि जवळ कोण होतं? सगळ्या गावाला ठाऊक होतं. ठकुबाई म्हणाली, "तुज्याबिगर कोन मारनार रं हाक? तुजाच आवाज त्याला वळकू येनार."

वेशीवर तिघंच गेले. आबा, ठकुबाई आणि निरांजन घेऊन माझी आई. आईनं मला हे सगळं सांगितलं, आबांनी हा भाग कधी सांगितला नाही. आबांनी टाक फडक्यात धरला होता. डोंगराकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "भिमाऽऽ." चांगली मारली, आई म्हणाली, समोरच्या कड्यावरून परत आली. दुसरी आली नाही.

"मार की," ठकुबाई म्हणाली. "आजून दोन."

 आबा खाली बसले. टाक मांडीवर.

"मावशे, मला न्हाई मारता यायची. त्यो एका दमात न्हाई गेला."

ठकुबाई त्यांच्याजवळ सरकली.

"दिस बुडताना त्यानं मला हाक मारली. दोनदा मारली. मी पन्नास हातांवर व्हतो. म्या ओ दिली न्हाई. म्या तिसरीची वाट बघत बसलो, आन् लाँच सुटली." मग जे राहिलं होतं तेही त्यांनी सांगून टाकलं. मांडीची गोळी, दोरीच्या गाठी, चिखल. तीन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एका बैठकीत बाहेर काढलं. आईच्या हातातलं निरांजन विझलं, तरी तिला कळलं नाही.

ठकुबाई रडली नाही की तिनं शिव्या दिल्या नाहीत. ती म्हणाली, "गेनबा, इतकी वरसं माजा लेक एका दमात गेला व्हता. आता त्यो चिखलात बसलाय. आता त्याला कोन काडनार?"

तिनं त्यांच्या मांडीवरचा टाक उचलला, पदराखाली घेतला आणि चालायला लागली. उरलेल्या हाका तिनं मारल्या नाहीत. त्या तशाच राहिल्या.

मला इथं आबांचा राग येतो. अजून येतो. हाकेला ओ दिली नाही ती भीतीपायी, आणि भीतीला माणूस काय करणार? पण सांगितलं ते स्वतःचं ओझं उतरवायला. ते त्यांनी एका म्हातारीच्या डोक्यावर ठेवलं. आबांनाही हे कळलं होतं. मी एकदा रागाच्या भरात तसं बोलून गेले, तर ते म्हणाले, "व्हय, पोरी. पयलं पाप भ्यालो म्हून झालं. दुसरं म्या शुद्धीत केलं." 

ठकुबाईनं ती गोष्ट गावात कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर लोक आबांच्या तोंडावर थुंकले असते आणि त्यांना जरा बरं वाटलं असतं. ती पूर्वीसारखीच त्यांच्याकडून लाकडं फोडून घ्यायची, भाकरी द्यायची. फक्त 'एका दमात गेला' हे वाक्य तिच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकलं नाही. पाणवठ्यावर भिमाचा विषय निघाला की ती घागर उचलून चालू लागायची.

आणि ती प्रश्न विचारायला लागली. आठ-पंधरा दिवसांतून एकदा, मधल्या भिंतीवरून, "गेनबा" अशी हाक यायची. आबा हातातलं टाकून भिंतीशी जायचे. ती एकच प्रश्न विचारायची.

"कुठल्या पायाला लागलं व्हतं?"

"डाव्या."

"तितलं पानी खारं व्हतं?"

"व्हय."

"खारं पानी प्यालं तर तान भागती का रं?"

"न्हाई मावशे. वाडती."

एवढंच. ती मान हलवून आत जायची आणि पुढचे आठ दिवस त्यावर विचार करत असावी. मग नवा प्रश्न. डास होते का. थंडी होती का. त्याच्या अंगावर गरम काही होतं का. डोळे उघडे होते की मिटलेले. आई म्हणायची, "तुमी खोटं का सांगत न्हाई? म्हातारीला बरं वाटंल." आबांनी एकदाही खोटं सांगितलं नाही. एवढी एकच गोष्ट आपल्या हातात राहिली आहे असं त्यांना वाटत असावं. ठकुबाई दिवसेंदिवस वाळत गेली. तिचा लेक तिच्या मनात हळूहळू, एकेका प्रश्नानं मरत होता, आणि प्रत्येक वेळी आबांनाच ते बघावं लागत होतं.

एकोणपन्नास साली, सुगी संपता संपता, ठकुबाई अंगणात नाचणी पाखडत होती. अंगात ताप होता तरी पाखडत होती. आबा तिच्या गोठ्याचं कूड लावून परत निघाले तेव्हा तिनं त्यांना थांबवलं. यावेळी ती त्यांच्याकडं बघत नव्हती, सुपाकडं बघत होती.

"हाक मारली तवा आई म्हनला का रं त्यो? यकदा तरी?"

आबा उभे राहिले. 'व्हय' म्हटलं असतं तर ती सुखानं गेली असती, हे त्यांना कळत होतं. दारात उभ्या असलेल्या माझ्या आईलाही कळत होतं. तिनं लांबूनच मान हलवून त्यांना खूण केली, म्हणा, एकदा म्हणा.

"न्हाई मावशे," आबा म्हणाले. "माजंच नाव घेतलं. दोनी बारीला."

ठकुबाईनं सुपातली नाचणी नीट एका बाजूला सारली, फोलपटं फुंकून टाकली आणि सूप घेऊन आत गेली. त्यानंतर ती तीन महिने जगली. भिंतीपलीकडून तिनं आबांना पुन्हा हाक मारली नाही.